तू तूच आहेस कशावरून?

आबांना 'शुभ सकाळ' पाठवायची सोय नव्हती. गुलाबाचं फूल आणि त्याखाली सुविचार, असा कुणालाही न दुखवणारा मेसेज त्यांच्या मोबाइलवर पडला, की हातातला चहा गार व्हायच्या आत पाठवणाऱ्याचा फोन वाजायचा.

"मी आबा. आत्ता एक गुलाब आला. तू पाठवला का?"

"हो आबा, मीच."

"तू तूच आहेस कशावरून?"

सकाळी सकाळी, तोंडात ब्रश असताना, आपण आपणच आहोत हे सिद्ध करायची पाळी आली की भल्याभल्यांची पंचाईत होते. त्यांच्या नात्यातल्या लोकांनी एकेक करून गुलाब बंद केले. आबांना त्याचं वाईट वाटलं नाही. "बघ," ते मला म्हणाले, "खोटे होते म्हणून बंद झाले."

आबा माझे घरमालक. धुळ्यात देवपूरला, पांझरेच्या पुलापासून थोडं आत, त्यांचं छोटं दुमजली घर होतं. खाली ते आणि अक्का, वर गच्चीला लागून असलेल्या खोलीत मी. मी जळगाव जिल्ह्यातला, रावेरकडचा. देवपूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो होतो. मला टाइप करताना कीबोर्डकडे बघावं लागत नाही, एवढ्या एका गुणावर 'कॉम्प्युटरचं बठ्ठं याले समजस', म्हणजे सगळं याला समजतं, अशी माझी कॉलेजभर ख्याती झाली. मीही ती खोडून काढली नाही. बिघडलेलं यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढ्या भांडवलावर माणूस किती पुढे जातो हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

तर आबांचा खात्रीचा प्रश्न. त्यांनी ओळखीच्या प्रत्येक माणसासाठी एक प्रश्न ठरवून ठेवला होता. फोन आला, मेसेज आला, की तो प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर पुढचं बोलणं. मी एकदा त्यांना सांगितलं, की बँकासुद्धा असं करतात, जन्मतारीख विचारतात, आईचं माहेरचं नाव विचारतात.

"अरे, जन्मतारखेला तूच सगळ्या गावाला केक दाखवतोस," आबा म्हणाले. "आईचं माहेर भाऊबंदांना पाठ असतं. कुत्र्याचं नाव तर माणूस स्वतः रस्त्याने ओरडत फिरतो. यात गुपित काय आहे? माणसाची फजिती विचारायची. माणूस आपली फजिती विसरत नाही, आणि दुसऱ्याला सांगत नाही. याच्याइतकं पक्कं कुलूप नाही."

त्यामुळे त्यांचे सगळे प्रश्न फजितीचे. त्यांचे जावई नाशिकला मोठ्या हुद्द्यावर. त्यांना आबा भर मीटिंगमध्ये फोन करून विचारायचे, "पहिल्या दिवाळसणाला काय झालं होतं?" आणि तो भला माणूस तोंडावर हात धरून हळूच सांगायचा, "नाडी तुटली होती." मग आबा निश्चिंत होऊन मूळ मुद्द्यावर यायचे. मूळ मुद्दा बहुधा 'जेवलात का' एवढाच असायचा.

माझा प्रश्न होता, "खोली बघायला आलास तेव्हा कुठे बसलास?" त्याचं उत्तर, बिबड्यांवर. झालं असं, की पहिल्या दिवशी मी गच्चीवर गेलो, तिथे एका खाटेवर स्वच्छ पांढरं धोतर अंथरलेलं दिसलं. भाडेकरूचं काय हे स्वागत, असं मनाशी म्हणत मी त्यावर बसलो. खाली अक्कांनी वाळत घातलेल्या बिबड्या होत्या. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. वाळत आलेल्या बिबडीवर माणूस बसला की जो आवाज होतो तो एका बिबडीचा होत नाही, सगळ्या मिळून होतो. अक्का जिन्यात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बसा आता. मोडायचं काही राहिलेलं नाही."

आबांनी मला खोली दिली ती, मला वाटतं, त्या प्रश्नासाठीच.

या माणसाला एवढा संशय का, याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. ते टेलिफोन खात्यात होते. ट्रंक कॉल जोडून देण्याचे दिवस त्यांनी खुर्चीत बसून काढलेले. कुणी म्हणालं की आपलं बोलणं कोण कशाला ऐकेल, की आबा शांतपणे म्हणायचे, "लाइनवर तिसरा माणूस असतोच. मला माहीत आहे. तो मी होतो."

"म्हणजे तुम्ही ऐकायचात?"

"सुरुवातीला. कानाला मेजवानी होती. मग कंटाळा आला. माणसं काय बोलतात? पाऊस पडला का, आईला बरं आहे का, कापसाला काय भाव, कधी येता. धुळ्यातून कुणीही कुठेही फोन लावो, हेच. नंतर नंतर मी डुलकी काढायचो."

"मग आता कशाला भिता? आपलं बोलणं ऐकून आताचा माणूसही कंटाळेलच की."

"माणूस कंटाळेल," आबा म्हणाले. "मशीन कंटाळत नाही."

या एका वाक्यावर मी नंतर कॉलेजात आख्खं भाषण दिलं, ते पुढे येईलच.

आता एवढा विचारी माणूस म्हटल्यावर त्याचं वागणंही तसंच असेल, असं वाटेल. तसं काही नव्हतं. आबा नको तिथे भ्यायचे. जावयाने हौसेने मोठा टीव्ही घेऊन दिला होता. तो इंटरनेटला जोडलेला आहे हे कळल्यापासून आबा बनियन बदलताना त्याच्यावर पंचा टाकायचे. बंद टीव्हीवर. घरातलं खासगी बोलायचं असलं, म्हणजे दुधवाल्याच्या दुधात पाणी किती, भाडेकरूचं जेवण किती, की आधी दोघांचे मोबाइल पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात जायचे आणि वर घट्ट झाकण. एकदा अक्का सकाळी पोहे भिजवायला गेल्या आणि चाळणीत मोबाइल. तोही आबांचा नव्हे, माझा. आदल्या दिवशी माझ्याविषयी बोलायचं होतं म्हणून माझाच डब्यात टाकला होता, आणि मी सकाळपर्यंत घर, ऑफिस आणि दोन रिक्षावाले यांच्यावर आळ घेऊन मोकळा झालो होतो.

वायफायचा पासवर्ड हे तर स्वतंत्र प्रकरण. तो आबांनी स्वतः तयार केला होता, अहिराणीत, चांगला लांबलचक, आणि तो एका माणसाकडे असणं धोक्याचं म्हणून अर्धा आबांच्या डोक्यात आणि अर्धा अक्कांच्या. कुणाला जोडून द्यायचा असला की आधी आबा येऊन आपला अर्धा भाग टाकायचे, पाठ फिरवून उभे राहायचे, मग अक्का आपला टाकायच्या. व्यवस्था उत्तम होती. पण दोघांचं भांडण झालं की घरात नवीन काही जोडता येत नसे. मी नवा फोन घेतला तेव्हा त्यांचा कुरडयांवरून अबोला चालू होता. आठवडाभर मी गच्चीच्या कठड्यावर बसून शेजारच्यांचं नेट पकडत होतो. शेवटी अक्काच वर आल्या.

"मी माझा भाग टाकते. पण त्यांना सांगा, बायकोने माघार घेतली नाही, भाडेकरूची दया आली."

आणि फसवायला फोन करणारी माणसं? त्यांची तर आबा वाट बघायचे. तुमची वीज आज कापली जाईल, लगेच हे बटण दाबा, असा एकदा कुणाचा फोन आला. आबांनी खुर्ची ओढून घेतली, घसा साफ केला आणि ट्रंक कॉलच्या काळातल्या त्या गोड, लांबलेल्या आवाजात म्हणाले, "लाइन जोडतोय. कृपया होल्ड करा." आणि फोन उशीवर ठेवून आंघोळीला गेले. परत आले तेव्हा तो माणूस लाइनवर होता. आबांना त्याची कीव आली. "जेवलास का रे?" त्यांनी विचारलं. पलीकडून फोन बंद झाला. "घरी कुणी विचारत नसेल त्याला," आबा म्हणाले आणि दिवसभर जरा उदास होते.

कॉलेजात सायबर सुरक्षेवर कुणीतरी बोलावं असं वरून पत्र आलं. कुणीतरी म्हणजे मी. मी 'मशीन कंटाळत नाही' हे आबांचं वाक्य घेतलं, दोन दिवस नेटवरून त्याला साजेशा भयानक गोष्टी गोळा केल्या आणि विद्यार्थ्यांना अशा काही सांगितल्या की पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तिथेच मोबाइल बंद केला. 'अनोळखी माणसाने पाठवलेलं काहीही उघडू नका,' हे वाक्य मी टेबलावर हात आपटून म्हणालो. मागे आबा येऊन बसले होते. घरी येताना वाटेत त्यांनी विचारलं, "एवढं सगळं करायचं तर माणसाने जगायचं कधी?"

मी म्हटलं, "आबा, हे तुम्ही विचारताय? मग तुम्हीच सांगा, साध्या माणसाने किती भ्यायचं?"

"गावाला जाताना कुलूप लावतो, तेवढं. कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची, आणि बसमध्ये बसायचं. घरी काय होत असेल याचा विचार करत बसायचं नाही. आणि रस्त्यात कुणी म्हणालं, तुमच्या घराला आग लागली, किल्ली द्या, तर किल्ली द्यायची नाही. आधी घरी शेजाऱ्याला विचारायचं. बास. याच्या पलीकडे भ्यायची गरज नाही."

हे अक्कांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हे स्वतः कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातात आणि ओढून बघायला परत येतात. आमची साक्रीची बस कितीदा चुकली आहे."

या भाषणानंतर त्याच आठवड्यात मी जे केलं, ते आता सांगतो.

त्या दिवसांत माझं लग्न जुळत होतं. जुळत होतं म्हणजे जुळलेलं नव्हतं. पिंपळनेरची मुलगी, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारी. वडील नाना, त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. मी, आई आणि मामा बघायला गेलो होतो. त्याआधी ज्या ठिकाणी गेलो तिथून 'कळवतो' असं उत्तर येऊन पुढे काही कळलं नव्हतं. इथे मात्र मुलीने मला समोरासमोर विचारलं होतं, "तुम्ही कॉम्प्युटरचं नक्की काय करता?" मी म्हणालो, "बंद करतो आणि चालू करतो." ती हसली होती. दाबून, पण हसली होती. नानांनीही बाकीच्यांसारखं 'कळवतो' म्हटलं, पण या खेपेला मी त्या शब्दाची वाट बघत होतो. फोन हातातून खाली ठेवत नव्हतो. आई रोज विचारायची. आबाही विचारायचे. अक्का विचारायच्या नाहीत, फक्त बघायच्या, आणि ते जास्त वाईट.

अशात एका संध्याकाळी मोबाइलवर पत्रिका आली. नंबर ओळखीचा नव्हता. वर गणपती, खाली 'लग्नाचे आग्रहाचे निमंत्रण', आणि पाठवणारा 'पाटील'.

आता जळगाव-धुळ्याच्या माणसाला 'पाटील' या नावाने आलेली पत्रिका अनोळखी आहे असं म्हणायची छाती होत नाही. कुणीतरी असणारच. आईच्या मावशीकडचे, मामांच्या साडूकडचे. लग्नसराईत आमच्याकडे पत्रिका न उघडणं म्हणजे दोन पिढ्यांचं वैर. आदल्या वर्षी एका चुलत चुलत भावाचं लग्न मी विसरलो होतो, तर आईने मला भाऊबंदांसमोर उभं करून त्याच्या बापाच्या पाया पडायला लावलं होतं. शिवाय, कोण म्हणून उलट विचारायचं कसं? आपल्याच नातेवाइकाला 'तुम्ही कोण' विचारणं याहून मोठा अपमान नाही.

मी पत्रिकेवर बोट ठेवलं. फोनने विचारलं, ही फाइल अनोळखी ठिकाणाहून आली आहे, तुमची खात्री आहे का? मी हो म्हटलं. त्याने विचारलं, हिला तुमचे संपर्क बघू द्यायचे का? हो. मेसेज पाठवू द्यायचे का? हो. तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि मी हो हो म्हणत होतो. मला वाटलं, आग्रहाचं निमंत्रण आहे, आग्रह करतंय. शेवटी पत्रिका उघडली नाहीच. पडदा पांढरा झाला आणि पुन्हा होता तसा झाला. मी मनात म्हटलं, पाटलांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही.

थोड्या वेळात फोन वाजला. आबांचा. ते खाली, मी वर.

"तुझी पत्रिका आली. तू पाठवली का?"

"कसली पत्रिका?"

"लग्नाची. आग्रहाची. खोली बघायला आलास तेव्हा कुठे बसलास?"

"आबा, आत्ता नको."

"सांग. नाहीतर तू तू नाहीस."

"बिबड्यांवर."

"मग तू तूच आहेस, आणि पत्रिका तुझी नाही. हलू नकोस. मी वर येतो."

माझ्या मोबाइलने तेवढ्या वेळात माझ्या यादीतल्या यच्चयावत माणसांना माझ्या नावाने लग्नाचं आमंत्रण धाडलं होतं. प्राचार्यांना, गॅसवाल्याला, लहानपणीच्या डॉक्टरांना. आबा वर आले, त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, नेट बंद केलं आणि तो पोह्यांच्या डब्यात टाकला. या खेपेला मी हसलो नाही. अक्कांचा बटणांचा साधा फोन आणून त्यांनी मला आधी बँकेला फोन करायला लावला. बँकेतला माणूस फार समंजस निघाला. म्हणाला, या आठवड्यात बऱ्याच पाटलांची लग्नं आहेत.

मग आईचा फोन, तिच्याही बटणांच्या साध्या फोनवरून अक्कांच्या फोनवर. तिला नंबर आबांनी दिलेला होताच.

"गावभर तुझ्या लग्नाची पत्रिका आली म्हणे. मला नाही आली."

"आई, ती खोटी आहे. कुणीही उघडू नका म्हणून सांग."

"मामा रुसून बसलाय. पत्रिकेवर त्याचं नाव नाही म्हणतो."

"मामांनी उघडली?"

"उघडली नाही गेली त्याच्याने. पण नाव नसणारच म्हणतो."

एवढ्या सगळ्या माणसांना पत्रिका गेली, पण आबांचा फोन तेवढा निराळा होता. बाकीच्यांनी आधी बोट ठेवलं आणि मग विचारलं. आबांनी आधी विचारलं. हे सुचायला मला थोडा वेळ लागला, कारण त्याच क्षणी मला दुसरंच सुचलं होतं. माझ्या यादीत 'नाना पिंपळनेर' होते. आणि त्यांच्याखाली, मोठ्या हिमतीने घेतलेला, तिचाही नंबर होता.

म्हणजे ज्या मुलीच्या होकाराची मी वाट बघत होतो, तिला मी माझ्या लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण पाठवलं होतं.

अक्कांच्या फोनवरून नानांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"फोन करू नकोस," आबा म्हणाले. "तुझ्या फोनवरून आता कुणी काही खरं मानणार नाही, आणि दुसऱ्याच्या फोनवरून तू तू नाहीस. आमच्या खात्यात लाइन खराब झाली की काय करायचे माहीत आहे? माणूस पाठवायचे. उद्या आपण पिंपळनेरला जाऊ."

"आपण?"

"लाइनमन एकटा खांबावर चढत नाही. खाली एक जण उभा लागतो."

सकाळच्या एसटीने निघालो. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. धुळ्यापासून साक्रीपर्यंत त्यांनी आसपासच्या प्रवाशांना अनोळखी पत्रिकेविषयी सावध केलं आणि उदाहरण म्हणून दर वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. साक्रीला एक बाई उतरताना मला म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, होईल तुमचंही लग्न."

नानांचं दुकान बंद होतं. घरासमोर मात्र गर्दी. ओट्यावर बायका, अंगणात दोन मोटारसायकली, आणि खाटेवर नाना, अशा चेहऱ्याने की जळालेल्या मोटारीकडेसुद्धा ते इतक्या रागाने बघत नसतील. मला बघून ते उठले नाहीत.

"या," ते म्हणाले. "पत्रिका मिळाली तुमची. मुलगी कुठली केली?"

"नाना, ती पत्रिका खोटी होती. माझ्या फोनमध्ये..."

"लग्नात आम्हाला बोलवलंत, मोठं मन आहे तुमचं."

मी सगळं सांगितलं. पाटील, गणपती, पांढरा पडदा. सांगता सांगता मला जाणवलं की याच्यापेक्षा दुसरीकडे लग्न करतोय म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे. कॉलेजात हाच विषय शिकवतो, हेही मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. नानांनी डोळे मिटले.

तेव्हा आबा पुढे झाले. "नाना, मी याचा घरमालक. एक विचारू? पत्रिका तुम्ही उघडली का?"

"मी कशाला उघडू? पोरीने उघडली." आणि नाना एकदम उसळले. "आणि तेव्हापासून माझ्या घरात हे चाललंय. तिच्या फोनवरून सगळ्यांना पत्रिका गेली. शाळेच्या हेडमास्तरांना गेली, मुलांच्या आईबापांना गेली. रात्रीपासून फोन चालू, अभिनंदन म्हणे. मी फोन बंद करून टाकला. ही माझी बहीण सकाळी सामोड्याहून आली, पापड लाटायला. येऊन विचारते, नवरदेव कोण? मी काय सांगू?"

ओट्यावरच्या आत्याबाईंनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, खालपासून वरपर्यंत. मग नानांना विचारलं, "हाऊच शे का तो?"

ही माझ्या आयुष्यातली अशी वेळ होती, की मी तोंड उघडलं असतं तर नक्की काहीतरी मोडलं असतं. सुदैवाने आबांनी माझ्या खांद्यावर हात दाबून ठेवला होता.

तेवढ्यात ती दारात आली. आबांनी तिला बसायला सांगितलं नाही, ख्यालीखुशाली विचारली नाही. सरळ त्यांच्या पद्धतीने विचारलं.

"पोरी, तू विज्ञान शिकवतेस. शिकलेली आहेस. अनोळखी पत्रिका उघडू नये हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग का उघडली?"

ती आधी वडिलांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून, वर्गात नापास मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बघायचं होतं. माझ्यापेक्षा चांगली कोण मिळाली ते."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. नाना अंगणातल्या मोटारसायकलकडे बघू लागले. आबा मात्र मान थोडी तिरपी करून उभे होते, कानाला काहीतरी लावलेलं असावं तसे. मग ते वळले आणि नानांना म्हणाले,

"नाना, मी उभा जन्म टेलिफोनवर लोकांचे आवाज ऐकण्यात घालवला. बठ्ठ्या धुळ्याचे ऐकले. हाऊ आवाज खरा शे."

नाना खाटेवरून उठले. मग आपल्या बहिणीला म्हणाले, "आलीच आहेस तर लाट पापड."

पुढचं सगळं नेहमीच्या वाटेने झालं. फक्त आमच्या लग्नाची खरी पत्रिका छापून झाली तेव्हा ती पटवून देताना नाकी नऊ आले. निम्म्या लोकांनी ती उघडलीच नाही, आणि मामांनी तर पोस्टाने आलेली छापील पत्रिकाही दोन दिवस दुरूनच बघितली. शेवटी मी आणि आई घरोघर अक्षता घेऊन फिरलो. आबांच्या दारातही गेलो. ज्याने जुळवलं त्याला आमंत्रणाची काय गरज, असं मला वाटत होतं. आबांनी दार अर्धं उघडलं.

"तू तूच आहेस कशावरून?"

"आबा, मी समोर उभा आहे."

"समोर उभे असलेले लोक जास्त फसवतात. बोल."

अक्का आतून ओरडल्या, "बिबड्यांवर म्हणा आणि या आत. चहा उकळतोय."

आता मी जळगावला असतो. बायको शाळेत शिकवते आणि घरातल्या सगळ्या फोनवरचं काय उघडायचं ते तीच ठरवते. पत्रिका आली की ती आधी फोन लावते, 'तुम्ही पाठवली का,' असं विचारते, आणि तिच्या आवाजात मला आबा ऐकू येतात. आबांना मी रोज सकाळी एक गुलाब पाठवतो. त्यांच्या नात्यातले गुलाब बंद झाले, माझा चालू आहे, कारण गुलाब गेला की फोन येतो.

हा लेख लिहून झाल्यावर मी त्यांना सांगितलं, की तुमच्यावर लिहिलंय. नाव दिलेलं नाही, गल्ली सांगितलेली नाही, वायफायचा पासवर्ड तर मला आजही अर्धाच माहीत आहे.

"बिबड्यांचं लिहिलंस का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं."

मला वाटलं, लाइन तुटली.

"म्हणजे तो प्रश्न गेला," आबा म्हणाले. "आता कुणीही उठून सांगेल. तुला नवी फजिती करावी लागेल."

"ती काय आबा, रोज होतेच. सांगू एखादी?"

"फोनवर नको," ते म्हणाले. "येऊन सांग."